सलग २,६३२ सामन्यांच्या आड गेलेला शॉर्टस्टॉप : कॅल रिपकेनची कारकीर्द

धागाकर्ता : काठावरचाप्रेक्षक

कॅल रिपकेन ज्युनियर या अमेरिकन बेसबॉलपटूचे नाव निघाले की बोलणे एकाच आकड्यापाशी येऊन थांबते. ३० मे १९८२ ते १९ सप्टेंबर १९९८ या काळात बाल्टिमोर ओरिओल्स संघाचा एकही सामना त्याच्याविना झाला नाही आणि सलग २,६३२ सामन्यांच्या त्या विक्रमाच्या जवळपासही आजवर कोणी पोचलेले नाही. गेली काही वर्षे मी त्याचे जुने सामने मिळतील तसे पाहत आलो आहे आणि जितके पाहिले तितके माझे मत पक्के होत गेले की या आकड्याने त्या माणसाचा खेळच झाकून टाकला आहे. तो कोणत्या जागी उभा राहत होता, तिथे उभा राहून काय करत होता आणि त्या जागेविषयीची समजूत त्याने कशी बदलली, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना बेसबॉल फारसा परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार बेसच्या ज्या चौकोनाभोवती हा खेळ चालतो त्याची प्रत्येक बाजू ९० फुटांची असते आणि त्या चौकोनाच्या परिसरात क्षेत्ररक्षण करणाऱ्यांना इनफिल्डर म्हणतात. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा असतो. उजव्या हाताने खेळणारा बॅटर चेंडू ओढून मारतो तेव्हा जमिनीवरून सरपटत येणारे बहुतेक फटके त्याच बाजूला येतात, आणि तिथून पहिला बेस तर पार पलीकडच्या कोपऱ्यात असतो. बॅटर साधारण सव्वाचार सेकंदांत पहिल्या बेसवर पोचतो. तेवढ्या वेळात चेंडूपर्यंत धावायचे, तो ग्लव्हमध्ये घ्यायचा, हातात काढायचा आणि पल्लेदार फेक अचूक करायची, हे सगळे जमले तरच बॅटर बाद होतो. चेंडू हातातून एकदा निसटला तर पुन्हा उचलण्याइतका अवधी उरत नाही.

अशा जागेसाठी बुटका, चपळ आणि लवचीक खेळाडूच हवा, अशी त्या काळातली रूढ समजूत होती. बाल्टिमोरमध्येच मार्क बेलँजर हा सडपातळ शॉर्टस्टॉप अनेक वर्षे खेळला, क्षेत्ररक्षणासाठीचे गोल्ड ग्लव्ह पारितोषिक त्याने ८ वेळा मिळवले आणि त्याची बॅटिंग सामान्य असूनही कोणाची तक्रार नव्हती, कारण शॉर्टस्टॉपकडून धावांची अपेक्षाच केली जात नसे. रिपकेन ६ फूट ४ इंच उंचीचा, रुंद हाडापेराचा आणि धावण्यात वेगवान म्हणता न येणारा होता. तो तिसऱ्या बेसवर खेळत असताना १ जुलै १९८२ रोजी सामन्यातले निर्णय घेणारे, म्हणजे संघाचे मॅनेजर, अर्ल वीव्हर यांनी त्याला शॉर्टस्टॉपच्या जागी उभे केले आणि पुढची चौदा वर्षे ती जागा त्याचीच राहिली.

वेगाची उणीव त्याने कशी भरून काढली, हा मला या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. त्या काळी कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू घेणारा) पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) बोटांनी जी खूण करत असे ती शॉर्टस्टॉपला दिसे, त्यामुळे येणारा चेंडू वेगवान आहे की वळणारा, आतला आहे की बाहेरचा, हे त्याला आधीच कळे. बाहेरच्या बाजूच्या वेगवान चेंडूवर बॅट उशिरा येते आणि फटका एका बाजूला जातो, तर संथ वळणाऱ्या चेंडूवर बॅट लवकर फिरते आणि फटका दुसऱ्या बाजूला जातो. रिपकेन प्रत्येक बॅटरच्या सवयी डोक्यात ठेवून, त्या चेंडूची खूण पाहून, पाऊल-दोन पाऊल सरकून उभा राहत असे. फेकीत ताकद असल्यामुळे तो इतरांपेक्षा मागे उभा राहू शकत असे आणि त्यामुळे चेंडू गाठायला त्याला क्षणभर जास्त मिळत असे. म्हणूनच त्याला झेपावताना आपण क्वचित पाहतो. १९८४ मध्ये त्याने ५८३ असिस्ट नोंदवले, म्हणजे इतक्या वेळा त्याच्या फेकीवर किंवा मदतीवर प्रतिस्पर्धी बाद झाला. ओरिओल्स ज्यात खेळतात त्या अमेरिकन लीगमधल्या शॉर्टस्टॉपसाठी तो विक्रम होता.

१९९० च्या संपूर्ण हंगामात १६१ सामन्यांत त्याच्या हातून फक्त ३ चुका झाल्या आणि त्यांत सलग ९५ सामने एकही चूक नव्हती. त्या वर्षीचे गोल्ड ग्लव्ह मात्र ओझी गियेन याला मिळाले. गियेन उत्तम खेळाडू होता याविषयी दुमत नाही, परंतु त्या काळी मॅनेजर आणि प्रशिक्षकांच्या मतांवर दिले जाणारे हे पारितोषिक त्या वर्षी झेपावणाऱ्याला मिळाले आणि आधीच जागेवर जाऊन उभा राहणारा मागे पडला, असे मला आजही मनापासून वाटते.

चेसापीककाठ :

धागा वाचून फार आनंद झाला. मी गेली अठरा वर्षे मेरिलँडमध्ये राहते आणि आमचे घर ॲबरडीनपासून फार लांब नाही. रिपकेनचा जन्म जवळच्याच हाव्र द ग्रेस गावी २४ ऑगस्ट १९६० रोजी झाला आणि तो वाढला ॲबरडीनमध्ये. इथल्या मुलांच्या बेसबॉलमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या एका विभागाला त्याचेच नाव आहे आणि माझा मुलगा त्यात चार वर्षे खेळला, त्यामुळे मराठी घरातल्या आम्हा दोघांनाही हा खेळ हळूहळू समजत गेला.

आपण वडिलांचा उल्लेख केला नाहीत, तो करायला हवा. कॅल रिपकेन सीनियर यांनी ओरिओल्सच्या संस्थेत खेळाडू, प्रशिक्षक आणि मॅनेजर म्हणून ३६ वर्षे काढली, त्यांतली बरीचशी छोट्या गावांमधल्या दुय्यम संघांबरोबर. सराव चुकीचा केला तर चूकच पक्की होते, म्हणून सराव बिनचूक करायचा, ही त्यांची शिकवण इथल्या प्रशिक्षकांच्या तोंडी अजून असते. चेंडू नेहमी दोन्ही हातांनी घ्यायचा, पाय आधी वळवायचे आणि मग फेकायचे, असल्या साध्या गोष्टी त्यांनी शेकडो मुलांकडून घोटून घेतल्या. आपण पाऊल-दोन पाऊल सरकण्याविषयी लिहिले आहे, ते वाचताना मला त्याच शिस्तीची आठवण झाली.

आणखी एक गोष्ट. शाळेत असताना रिपकेन उत्तम पिचर होता आणि १९७८ मध्ये संघांनी नवे खेळाडू निवडले त्यात दुसऱ्या फेरीत ओरिओल्सने त्याला घेतले तेव्हा त्याला पिचर करावे असे मत असलेले जाणकार बरेच होते. सुरुवातीचा पिचर चार-पाच दिवसांतून एकदा मैदानात उतरतो. रिपकेनला रोज खेळायचे होते, म्हणून तो इनफिल्डर झाला.

आकडेमोड :

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु मला दुसरी बाजू मांडायची आहे. रिपकेनच्या बॅटिंगचा आलेख पाहिला तर रोज खेळण्याची किंमत त्याने आणि संघाने मोजली असे म्हणावे लागते. १९८३ मध्ये त्याची सरासरी, म्हणजे बॅटिंगच्या संधींमधले यशस्वी फटक्यांचे प्रमाण, ०.३१८ होती, पण १९८८ ते १९९० या तीन वर्षांत ती ०.२६४, ०.२५७ आणि ०.२५० अशी घसरत गेली आणि १९९२ मध्ये पुन्हा ०.२५१ वर आली. तो बॅटिंगला उभे राहण्याची ढब सतत बदलत होता, हे हरवलेली लय शोधणाऱ्या खेळाडूचे लक्षण आहे. वर्षाला आठ-दहा सामने विश्रांती घेतली असती तर शरीर ताजे राहिले असते आणि त्या दिवशी एखाद्या तरुण खेळाडूला संधी मिळाली असती. शिवाय मॅनेजरचे हातही बांधले गेले होते, कारण जो मॅनेजर त्याला बाकावर बसवेल त्याचे नाव तेवढ्यासाठीच इतिहासात राहिले असते.

दुहेरी बाद होण्याचा मुद्दाही आहे. जमिनीवरून मारलेल्या एका फटक्यावर दोघे बाद होण्याचे प्रसंग त्याच्या बॅटवर कारकिर्दीत ३५० वेळा आले. तो विक्रम पुढे अल्बर्ट पुहोल्सने मोडेपर्यंत रिपकेनच्याच नावावर होता.

काठावरचाप्रेक्षक :

चेसापीककाठ, आपले विशेष आभार, वडिलांविषयी लिहायचे खरोखरच राहून गेले होते.

आकडेमोड, आपले आकडे बरोबर आहेत, पण त्यांच्या मधले १९९१ हे वर्ष आपण वगळलेत. त्या हंगामात तो सर्वच्या सर्व १६२ सामने खेळला, सरासरी ०.३२३ होती, ३४ होम रन (चेंडू मैदानाच्या कुंपणापार मारलेले फटके) आणि ११४ रन बॅटेड इन (त्याच्या फटक्यांवर संघाला मिळालेल्या धावा) होते, लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा किताब त्याला दुसऱ्यांदा मिळाला आणि अखेर गोल्ड ग्लव्हही मिळाले. आधी सलग नऊ वर्षे विश्रांती न घेतलेल्या माणसाचे हे वर्ष आहे. १९९४ मध्येही संपामुळे हंगाम ऑगस्टमध्ये थांबला तेव्हा त्याची सरासरी ०.३१५ होती. थकव्यामुळे सरासरी पडली असे मानले, तर तोच थकवा अंगावर असताना ती वर कशी गेली, याचे उत्तर द्यावे लागेल. माझ्या मते त्याचा प्रश्न तंत्राचा होता आणि १९९१ पूर्वी त्याने ते दुरुस्त केले.

१९८८ चा संदर्भही लक्षात घ्यावा असे वाटते. ओरिओल्सने त्या हंगामातले पहिले २१ सामने गमावले आणि पहिल्या सहा पराभवांनंतरच मॅनेजरला काढले गेले. ते मॅनेजर म्हणजे रिपकेनचे वडील. धाकटा भाऊ बिली दुसऱ्या बेसवर आणि कॅल शॉर्टस्टॉपवर, असे दोन मुलगे एकाच वेळी वडिलांच्या हाताखाली खेळण्याचा मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवरचा, पहिलाच प्रसंग १९८७ मध्ये आला होता आणि तो एका वर्षाच्या आतच असा संपला. दोघेही मुलगे त्यानंतरही मैदानात शेजारी-शेजारी उभे राहून डबल प्ले करत होते, म्हणजे एकाच फटक्यावर दोघांना बाद करत होते. त्या काळातल्या सरासरीकडे मला केवळ आकडा म्हणून पाहता येत नाही.

आणि मॅनेजरचे हात बांधले गेले होते, याविषयी. रिपकेनने केवळ सलग सामने खेळले नव्हते, तो १९८२ पासून प्रत्येक सामन्याचा प्रत्येक डाव (सामन्याला साधारण नऊ डाव असतात) खेळत होता आणि ती साखळी ८,२४३ डावांपर्यंत गेली होती. १४ सप्टेंबर १९८७ रोजी टोरोंटोने १० होम रन मारून ओरिओल्सचा १८-३ असा धुव्वा उडवला, त्या सामन्यात ही साखळी तोडून त्याला बाकावर बसवणारे मॅनेजर त्याचे वडीलच होते.

दुसरीपाळी :

सलग सामन्यांचे तीन मोठे विक्रम शेजारी ठेवून पाहावेत, म्हणून लिहितो.

न्यूयॉर्क यांकीजचा लू गेरिग पहिल्या बेसवर खेळे आणि त्याचे २,१३० सामने १९२५ ते १९३९ या काळातले. त्यांत १९३४ मधला एक सामना असा आहे की पाठीच्या दुखण्यामुळे त्याला उभेही राहवत नव्हते, म्हणून कागदावर शॉर्टस्टॉप म्हणून त्याचे नाव टाकले, तो पहिला बॅटर म्हणून एकदा खेळला आणि बाहेर गेला. ज्या आजाराने २ मे १९३९ रोजी त्याची साखळी तुटली आणि दोन वर्षांनी त्याचा जीव गेला, त्या आजाराला अमेरिकेत आजही त्याच्या नावाने ओळखतात.

जपानमधल्या हिरोशिमा कार्प संघाचा साचिओ किनुगासा याचे २,२१५ सामने १९७० ते १९८७ मधले. १९७९ मध्ये चेंडू लागून त्याच्या खांद्याचे हाड मोडले, आणि दुसऱ्याच दिवशी तो बदली बॅटर म्हणून उतरला, तीन वेळा पूर्ण ताकदीने बॅट फिरवली आणि बाद होऊन परत आला. रिपकेनने १४ जून १९९६ रोजी कॅन्सस सिटीत त्याचाही विक्रम ओलांडला तेव्हा किनुगासा स्वतः तिथे हजर होता.

या दोघांविषयी मला अपार आदर आहे. तरीही खेळायला उतरणे आणि पूर्ण सामना खेळणे यांत फरक करायचा झाला, तर रिपकेनची साखळी अधिक भरीव ठरते. दुखापती त्यालाही झाल्या. एप्रिल १९८५ मध्ये घोटा मुरगळला, तेव्हा दुसऱ्या दिवशी केवळ प्रदर्शनी सामना होता म्हणून निभावले. जून १९९३ मध्ये सिॲटलविरुद्धच्या मैदानातल्या हाणामारीत गुडघा पिळवटला आणि पुढच्या दिवशी खेळता येईल की नाही याची शंका होती. १९९६ च्या ऑल-स्टार सामन्याआधी (हा दोन लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना) छायाचित्र काढताना सहकाऱ्याचा हात लागून नाकाचे हाड मोडले, ते बसवून घेऊन तो त्याच सामन्यात खेळला. शॉर्टस्टॉपला धावणारा प्रतिस्पर्धी पायाखालून घसरत येऊन धडकतो, पहिल्या बेसवर असले धोके पुष्कळ कमी असतात. म्हणून जागेचा विचार केल्याशिवाय या आकड्यांची तुलना पुरी होत नाही.

पावसाळीढग :

माझे बेसबॉलचे ज्ञान अगदी नवे आहे. आपल्याकडे सुनील गावसकर सलग १०६ कसोटी सामने खेळले, हे उदाहरण मला चटकन आठवले. तेही सलामीला, नव्या चेंडूसमोर. मात्र कसोट्यांमध्ये आठवडे आणि महिने जातात. बेसबॉलमध्ये सामने किती दाट असतात?

काठावरचाप्रेक्षक :

पावसाळीढग, साधारण सहा महिन्यांत १६२ सामने असतात, म्हणजे आठवड्याला सहा आणि कधी सातही. त्यांतले निम्मे परगावी. रात्री सामना संपवून विमानाने दुसऱ्या शहरात पोचायचे आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा उभे राहायचे, असे सुमारे सोळा हंगाम.

रोज खेळण्याची ही सवय त्याला मेजर लीगमध्ये येण्याआधीच लागली होती. व्यावसायिक बेसबॉलमधला सर्वांत लांब सामना पॉटकेट येथे १८ एप्रिल १९८१ च्या रात्री सुरू झाला, ३२ डाव होऊनही बरोबरीतच राहिला, पहाटे चार वाजून गेल्यावर थांबवला गेला आणि २३ जूनला पुन्हा सुरू होऊन ३३व्या डावात संपला. थांबवला तेव्हा प्रेक्षकांत अवघे १९ जण उरले होते. पाहुण्या रॉचेस्टर संघाकडून तिसऱ्या बेसवर विशीतला रिपकेन सर्व ३३ डाव खेळला.

चेसापीककाठ :

गेरिगचा विक्रम मोडला गेला त्या ६ सप्टेंबर १९९५ विषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी तेव्हा इथे नव्हते, पण माझे शेजारी त्या रात्री स्टेडियममध्ये होते आणि ते सांगताना त्यांचा आवाज अजून कापरा होतो.

त्या आधीचे वर्ष बेसबॉलसाठी फार वाईट गेले होते. ऑगस्ट १९९४ मध्ये खेळाडूंचा संप सुरू झाला, हंगामाअखेरची विजेतेपदाची मालिका, वर्ल्ड सीरिज, रद्द झाली आणि लोक खेळावर नाराज झाले. १९९५ च्या वसंतात बदली खेळाडू घेऊन हंगाम सुरू करण्याचा बेत संघमालकांनी केला, तेव्हा ओरिओल्सच्या मालकांनी बदली संघ उभा करायला नकार दिला. संप मिटल्यावर परत आलेल्या प्रेक्षकांना ज्या गोष्टीने धरून ठेवले, तिच्यात ही मोजणी अग्रभागी होती. कॅम्डन यार्ड्सच्या मागे जी विटांची लांबलचक जुनी वखार आहे, तिच्या भिंतीवर सलग सामन्यांचा आकडा मोठ्या फलकांवर लावला जाई आणि सामना अधिकृत ठरला, म्हणजे पुढे थांबला तरी धरला जाईल इतका झाला, की तो एकाने बदलला जाई.

त्या रात्री कॅलिफोर्निया एंजल्सविरुद्ध पाचव्या डावाचा पहिला भाग संपला, ओरिओल्स पुढे असल्याने सामना अधिकृत झाला आणि फलक २,१३१ वर आला. टाळ्या थांबेनात. शेवटी सहकारी बॉबी बोनिया आणि रफाएल पाल्मेरो यांनी त्याला ढकलून मैदानात पाठवले आणि त्याने कडेने चालत, प्रेक्षकांशी हात मिळवत पूर्ण फेरी मारली. खेळ बावीस मिनिटे थांबला होता. त्या सामन्यात त्याने होम रनही मारला होता. गेरिगचा सहकारी जो डिमॅजिओ त्या रात्री हजर होता आणि वरच्या एका खोलीतून रिपकेनचे वडील पाहत होते.

आकडेमोड :

१९९१ विषयीचा धागाकर्त्यांचा मुद्दा मला मान्य आहे, तो मी पुरेसा तपासला नव्हता. दुहेरी बाद होण्याच्या आकड्यातही एक गोष्ट धरावी लागेल की जो ३,००१ सामने खेळतो आणि चेंडू जोरात मारतो, त्याच्या वाट्याला असे प्रसंग जास्त येणारच. तरी अखेरच्या तीन-चार वर्षांबाबत माझे मत कायम आहे. १९९७ पासून त्याला तिसऱ्या बेसवर हलवले गेले, पाठीचे दुखणे सुरू झाले आणि तेव्हाही त्याने सुट्टी घेतली नाही. साखळी थांबल्यानंतर १९९९ मध्ये ८६ सामन्यांत त्याची सरासरी ०.३४० होते, ही गोष्ट माझ्या बाजूने बोलते.

काठावरचाप्रेक्षक :

१९९९ विषयी आपण म्हणता ते नाकारता येत नाही. त्या वर्षी मार्चमध्ये वडील गेले, पाठीमुळे हंगाम अर्धाच झाला आणि तरीही जूनमध्ये अटलांटात त्याने एका सामन्यात सहापैकी सहा फटके यशस्वी केले. विश्रांतीचा त्यात वाटा असू शकतो.

कारकिर्दीचा हिशेब मांडायचा तर ३,१८४ हिट (यशस्वी फटके) आणि ४३१ होम रन. त्यांतले ३४५ होम रन शॉर्टस्टॉप म्हणून आहेत आणि त्या जागेवर इतके कोणाचेच नाहीत. डेरेक जीटर आणि ॲलेक्स रॉड्रिगेझ हे उंचेपुरे, बॅटने सामना फिरवणारे शॉर्टस्टॉप नव्वदच्या दशकात आले, तेव्हा त्यांना कोणी उंचीवरून तिसऱ्या बेसवर पाठवले नाही, याचे श्रेय मी १ जुलै १९८२ ला देतो. रॉड्रिगेझलाही ते माहीत होते. २००१ च्या सिॲटलमधल्या ऑल-स्टार सामन्यात स्वतः शॉर्टस्टॉप असताना त्याने पहिल्या डावाआधी तिसऱ्या बेसवर उभ्या असलेल्या रिपकेनला आपल्या जागी जायला लावले. चाळीस वर्षांच्या रिपकेनने त्या सामन्यात होम रन मारला आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००७ मध्ये थोर बेसबॉलपटूंच्या हॉल ऑफ फेम या सन्मानासाठी ५४५ पैकी ५३७ मतदारांनी त्याच्या नावापुढे खूण केली.

साखळी कशी थांबली ते सांगतो, कारण मॅनेजरचे हात बांधले गेल्याच्या आपल्या मुद्द्याशी त्याचा संबंध आहे. २० सप्टेंबर १९९८ रोजी घरच्या मैदानावर यांकीजविरुद्ध सामना होता. सामन्यापूर्वी रिपकेन स्वतः मॅनेजर रे मिलर यांच्याकडे गेला आणि आज मला बसवा, असे त्याने सांगितले. तिसऱ्या बेसवर रायन मायनर या नवख्या खेळाडूचे नाव लागले, तेव्हा त्याच्या जागी आपण खेळणार हे रिपकेनला ठाऊक आहे का, असे मायनरने विचारले. पहिला बॅटर बाद झाला आणि यांकीजच्या लक्षात आले, तेव्हा त्यांचा संघ डगआउटच्या (खेळाडूंच्या बसण्याच्या जागेच्या) पायऱ्यांवर येऊन टाळ्या वाजवू लागला. रिपकेनने बाहेर येऊन टोपी काढून अभिवादन केले आणि तो परत बाकावर जाऊन बसला.

त्या हंगामात तो १६१ सामने खेळला. जो एक चुकला तो हाच.